‘आणखी नाही’ म्हणण्याचा हक्क

(नांदेड व लातूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



हमीभाव, बेकारी, पाणी असे प्रश्न दाराशी उभे असताना अभ्यासवर्गात मनगटी घड्याळावर बोलायचे, आणि तेही लाखो रुपये किमतीच्या परदेशी घड्याळावर, हे पुष्कळांना विचित्र वाटेल. असे घड्याळ वापरणारी माणसे नांदेड-लातुरात असून असून किती असणार? हा आक्षेप रास्त आहे. परंतु जी वस्तू थोड्यांनाच मिळते आणि पुष्कळांना हवीशी वाटते, त्या वस्तूत एखाद्या अर्थव्यवस्थेचा स्वभाव जितका स्पष्ट दिसतो तितका गव्हाच्या पोत्यात दिसत नाही.

नांदेडच्या वजीराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईभोवती संध्याकाळी एक फेरी मारावी. मोबाइलची कव्हरे विकणाऱ्या गाड्यांवर घड्याळेही मांडलेली असतात. नामांकित स्विस कंपन्यांची नावे त्यांवर असतात आणि किंमत काही शे रुपये असते. विकणारा त्यांना नकली म्हणत नाही, ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतो. मोठ्या तबकडीत तीन लहान तबकड्या असतात. पुष्कळदा त्या नुसत्या छापलेल्या असतात. त्यांतले काटे कधीच हलत नाहीत. घेणाऱ्या मुलाला हे ठाऊक असते. वेळ पाहण्यासाठी त्याच्या खिशात मोबाइल असतोच. मग न हलणाऱ्या तीन काट्यांसाठी तो पैसे का मोजतो? या मुलाला हसून प्रश्न सुटत नाही. त्याला काय हवे आहे हे समजून घेतले पाहिजे, आणि त्यासाठी अस्सल घड्याळापासून सुरुवात करावी लागेल.

काळ लिहिणारे यंत्र

गाडीवरची ती घड्याळे ज्याची नक्कल असतात, त्याला क्रोनोग्राफ म्हणतात. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ काळ लिहिणारा. हा अर्थ एके काळी अक्षरशः खरा होता. १८२१ साली पॅरिसमध्ये घोड्यांच्या शर्यतीत निकोला रिउसेक या घड्याळजीने एक यंत्र वापरले. कळ दाबली की फिरत्या तबकडीवर शाईचा थेंब पडे आणि घोडा कोणत्या क्षणी पोचला याची खूण उमटे. पुढे शाई गेली, नाव राहिले. आजच्या क्रोनोग्राफमध्ये एकाच पेटीत दोन कामे चालतात. एक भाग नेहमीची वेळ दाखवतो. दुसरा भाग बाजूची कळ दाबली की सुरू होतो, पुन्हा दाबली की थांबतो आणि दुसरी कळ दाबली की काटा शून्यावर परत येतो. लहान तबकड्या सेकंद, मिनिटे आणि तास मोजतात. कडेच्या वर्तुळावर वेगाचे आकडे असतात: एक किलोमीटर अंतर ३६ सेकंदांत कापले तर काटा १०० या आकड्याशी थांबतो. हे सारे चावीच्या कमानीवर किंवा मनगटाच्या हालचालीवर, शेकडो बारीक भागांच्या मेळातून घडते.

या यंत्राच्या इतिहासात १९६९ हे साल मोठे गमतीचे आहे. आपोआप चावी बसणारा क्रोनोग्राफ त्या एकाच वर्षी तीन ठिकाणांहून पुढे आला: स्वित्झर्लंडच्या झेनिथ कंपनीकडून, ब्रायटलिंग आणि होयर यांच्या गटाकडून आणि जपानच्या सेको कंपनीकडून. जुलै महिन्यात चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांना ओमेगाचा चावीचा क्रोनोग्राफ दिलेला होता. पुढच्या वर्षी अपोलो १३ यानात बिघाड झाला, तेव्हा परतीची दिशा सुधारण्यासाठी इंजिन १४ सेकंद चालवायचे होते. तो अवधी त्याच घड्याळाने मोजला गेला. विजयाचे वर्ष यालाच म्हणावे. परंतु १९६९ च्याच डिसेंबरात सेकोने क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आणले, आणि चाकादात्यांच्या घड्याळाची उपयुक्तता तिथेच संपली. आजच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. काही शे रुपयांचे असे घड्याळ महिन्याला १५-२० सेकंद चुकते. उलट चाकादात्यांच्या उत्तम घड्याळाला अचूकतेचे जे स्विस प्रमाणपत्र मिळते, त्यात दिवसाला चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे इतकी चूक मान्य आहे.

म्हणजे लाखो रुपयांचे घड्याळ काही शे रुपयांच्या घड्याळापेक्षा वेळ कमी नेमकी दाखवते. तरीही ते हवेसे वाटते.

आकर्षण खोटे नाही

येथे घाईने ‘श्रीमंतांचे चोचले’ असा शेरा मारून मोकळे होऊ नये. त्या आकर्षणाचा एक भाग अगदी खरा आणि आदरणीय आहे. १९७१ साली झेनिथ कंपनी एका अमेरिकन कंपनीच्या ताब्यात गेली. १९७५ मध्ये नव्या मालकांनी हुकूम दिला की चाकादात्यांची घड्याळे बंद करा आणि त्यांची हत्यारे भंगारात काढा. त्या वेळी शार्ल व्हेर्मो नावाच्या कारागिराने क्रोनोग्राफची हत्यारे, साचे आणि आराखडे गुपचूप माळ्यावर नेऊन लपवून ठेवले. काही वर्षांनी मागणी परतली, तेव्हा त्या माळ्यावरूनच ते यंत्र पुन्हा जिवंत झाले. तेव्हाचे संकट लहान नव्हते. १९७० च्या सुमारास स्विस घड्याळधंद्यात जवळजवळ ९०,००० माणसे काम करीत होती. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती ३०,००० च्या आसपास आली. अशा दिवसांत एका कामगाराने मालकाचा हुकूम मोडून आपल्या हातांची विद्या वाचवली. कामगार चळवळीत वाढलेल्या माणसाला या गोष्टीचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

सुंदर यंत्रावर माणसाचे प्रेम बसते, त्यात गैर काही नाही. विहिरीवरचे जुने इंजिन तीस वर्षे तेलपाणी करून सांभाळणारा शेतकरी त्या इंजिनावर याच जातीचे प्रेम करीत असतो. समाजवाद म्हणजे बेढब वस्तूंचे राज्य, ही समजूत समाजवादाच्या विरोधकांनी पसरवली आणि दुर्दैवाने काही समर्थकांनीही ती मनावर घेतली.

प्रश्न निराळा आहे. लाखो रुपयांत कारागिरीचे किती आणि दुसऱ्या कशाचे किती?

या प्रश्नाचा पहिला धागा ज्याला भांडवलशाहीचा आद्य पंडित मानतात त्या ॲडम स्मिथनेच दिला आहे. १७५९ सालच्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात तो घड्याळांचा शौकीन माणूस उभा करतो. दिवसाला दोन-तीन मिनिटे मागे पडणारे घड्याळ हा गृहस्थ कवडीमोलाने विकतो आणि पंधरवड्यात मिनिटभरही न चुकणारे घड्याळ पन्नास गिनी देऊन घेतो. परंतु, स्मिथ म्हणतो, हा माणूस इतरांपेक्षा अधिक वक्तशीर असतोच असे नाही. त्याला वेळ हवी नसते, वेळ दाखवणाऱ्या यंत्राची परिपूर्णता हवी असते. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आजही जुने झालेले नाही. १८९९ मध्ये थोरस्टीन व्हेब्लेनने दिखाऊ उपभोगाची मीमांसा करून त्यात आणखी एक पदर जोडला: काही वस्तू महाग असूनही घेतल्या जातात असे नव्हे, तर त्या महाग आहेत म्हणूनच घेतल्या जातात. आणि १९७६ मध्ये फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने मर्मावर बोट ठेवले. काही वस्तूंचे सुख त्या इतरांजवळ नसण्यावर अवलंबून असते, असे तो म्हणाला. शेजाऱ्याने पोटभर जेवल्याने आपली भाकरी कमी गोड लागत नाही. शेजाऱ्याच्या मनगटावर तेच घड्याळ दिसले तर मात्र आपल्या घड्याळाचे तेज उतरते. विकास झिरपत झिरपत एक दिवस सर्वांपर्यंत पोचेल, हे आश्वासन अशा वस्तूंच्या बाबतीत मुळातच खोटे ठरते. कारण सर्वांपर्यंत पोचली की ती वस्तू ती वस्तूच राहत नाही.

टंचाईचे कारखाने

‘मर्यादित आवृत्ती’ या शब्दांचे रहस्य येथे उलगडते. कंपनी जाहीर करते की या घड्याळाचे ५०० किंवा १०० नगच निघतील. प्रत्येकाच्या पाठीवर त्याचा क्रमांक कोरलेला असतो. पाचशे एकावे घड्याळ बनवता येत नाही असे नाही. यंत्रे तीच, कारागीर तेच, पोलादाला तोटा नाही. ते बनवायचे नाही, एवढेच ठरलेले असते. ही टंचाई कोणत्याही निसर्गनियमाने आलेली नसते. कागदावर एक आकडा लिहून ती निर्माण केली जाते.

टंचाईची ही युक्ती कंपन्यांना एका अपघाताने शिकवली असे म्हणता येईल. २०१७ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क येथे अमेरिकन नट पॉल न्यूमन यांचा रोलेक्स डेटोना क्रोनोग्राफ लिलावात निघाला आणि १ कोटी ७७ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेला. गंमत अशी की, त्या चमत्कारिक तबकडीचे घड्याळ १९६० च्या दशकात दुकानांत पडून राहत असे. लोकांना ते आवडत नव्हते, म्हणून थोडे बनले. थोडे बनले, म्हणून पुढे दुर्मिळ झाले. आणि दुर्मिळ झाले, म्हणून सर्वांना आवडू लागले. जे पूर्वी न खपण्यामुळे घडले, ते आज ठरवून घडवले जाते. काही दुकानांत पैसे घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकालाही हवे ते घड्याळ मिळत नाही. आधी त्याने त्याच कंपनीची इतर घड्याळे घेऊन आपली निष्ठा सिद्ध करावी लागते. यादीत नाव लागते, वाट पाहावी लागते, आणि ज्याला घड्याळ मिळते तो पुष्कळदा ते न वापरता अधिक भावाने विकतो. येथे कारागिराच्या श्रमाचा भाग संपतो आणि नुसत्या आकड्याचे भाडे सुरू होते.

हे भाडे वसूल करण्यासाठी एका हक्काची गरज असते: ‘आणखी नाही’ असे म्हणण्याचा हक्क. हा हक्क कोणाजवळ आहे आणि कोणाजवळ नाही, एवढा एकच प्रश्न मराठवाड्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचा काय भाव फुटला, याकडे साऱ्या राज्याचे लक्ष असते. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर केला होता. बाजारातला भाव हंगामाचा मोठा काळ त्याच्या खालीच राहिला. पीक चांगले आले की भाव पडतो, हा शेतकऱ्याचा जुना अनुभव आहे. औसा किंवा निलंग्याचा शेतकरी ‘यंदा माझे फक्त पन्नास क्विंटल, प्रत्येक पोत्यावर क्रमांक घालीन आणि एकावन्नावे पोते विकणार नाही’ असे म्हणू शकतो काय? त्याच्या मागे सोसायटीचे कर्ज असते, खत-बियाण्यांच्या दुकानाची उधारी असते, मुलीचे लग्न असते. त्याला माल आजच विकायचा असतो. आणि त्याने थांबायचे ठरवले तरी जहाजे थांबत नाहीत. ३१ मे २०२५ पासून कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले गेले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांशी झालेला व्यापार करार अमलात आला. त्यात स्विस घड्याळांवरील शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवण्याची तरतूद आहे. तेल स्वस्त झाले तर शहरातल्या गरिबाला दिलासा मिळतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु दोन्ही निर्णय शेजारी ठेवून पाहावेत. ज्याने आपली टंचाई स्वतः निर्माण केली त्याच्यासाठी दार उघडले, आणि ज्याच्याजवळ टंचाई निर्माण करण्याचे साधनच नाही त्याच्या डोक्यावरचे छप्पर काढून घेतले.

शेतकऱ्याला थोडे तरी थांबण्याचे बळ मिळावे, असा प्रयत्न या राज्याने एकदा केला होता. १९७२ साली सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना हा तो प्रयत्न. ती कशी चालली, तिच्यात कोणते दोष शिरले, ती का मोडली, याची चर्चा स्वतंत्रपणे व्हावी. पण तिच्या मुळाशी असलेला विचार योग्य होता: भाव ठरवण्याच्या जागी उत्पादकालाही उभे राहता आले पाहिजे.

२०१६ चे चार महिने

टंचाई दोन प्रकारची असते, बनवलेली आणि भोगलेली. २०१६ सालच्या पहिल्या चार महिन्यांत या दोन्ही प्रकारांनी मराठवाड्याला आणि त्याच्या शेजाराला जो धडा दिला, तो विसरण्याजोगा नाही.

जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला सुरू झालेला हा सरकारी कारखाना. त्याच्या एका चावीच्या घड्याळाचे नावच ‘जनता’ होते. त्याआधी घड्याळ म्हणजे परदेशी माल, आणि पुष्कळदा चोरट्या मार्गाने आलेला. नांदेडची वेळ तेव्हा उस्मानशाही मिलच्या भोंग्यावर चाले; मिल कामगाराचे घड्याळ भिंतीवर नव्हते, हवेत होते. एचएमटीने ती वेळ शिक्षकाच्या, तलाठ्याच्या, एसटी कंडक्टरच्या मनगटावर आणून दिली. लोक या घड्याळासाठीही नंबर लावून थांबत. पण ती टंचाई मागणीला उत्पादन पुरे पडत नसल्याची होती. कारखान्याचा हेतू ती मिटवण्याचा होता, वाढवण्याचा नव्हता. निवृत्तीच्या दिवशी नारळ, शाल आणि एचएमटीचे घड्याळ हा ठरलेला आहेर होता. हेच घड्याळ सायकल आणि रेडिओबरोबर हुंड्याच्या यादीतही शिरले, हा आपल्या समाजाचा दोष. तो लपवण्यात अर्थ नाही. पुढे क्वार्ट्झच्या बदलाशी जुळवून घेण्यात कारखाना मागे पडला, खासगी स्पर्धा आली, तोटा साचत गेला. दोष बाजाराचा होता तसा कारभाराचाही होता. ते काहीही असो. ‘जनता’ बंद झाली.

फेब्रुवारीत सीमेपलीकडे कर्नाटकात वादळ उठले. मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या मनगटावर ह्यूब्लो कंपनीचे हिरेजडित घड्याळ आहे आणि त्याची किंमत सत्तर लाखांच्या घरात आहे, असा आरोप विरोधकांनी केला. ते परदेशातील एका मित्राने दिलेली भेट आहे, असा त्यांचा खुलासा होता. मार्चमध्ये त्यांनी ते घड्याळ विधानसभेच्या अध्यक्षांकडे देऊन सरकारजमा केले. कायद्याचा प्रश्न वेगळा. चटका लावणारी गोष्ट ही की, हा नेता लोहियांच्या विचारांत घडलेला, मेंढपाळ समाजातून कष्टाने वर आलेला. १९६३ साली लोकसभेत डॉ. लोहियांनी गरिबाच्या रोजच्या तीन आण्यांचा हिशेब मांडून सरकारला जाब विचारला होता. त्यांच्या परंपरेत वाढलेल्या माणसाच्या हातावर ते घड्याळ कसे आले? भेट नाकारणे अवघड गेले असेल, हे समजू शकते. म्हणूनच ही गोष्ट कोणा एकाची नाही. वंचित समाजातून वर आलेल्या माणसाला ‘आपणही पोचलो’ हे जगाला दाखवावेसे वाटते, आणि बाजाराने त्या पोचण्याची खूण आधीच ठरवून, क्रमांक घालून ठेवलेली असते. गंजगोलाईतल्या गाडीवर ‘फर्स्ट कॉपी’ घेणाऱ्या मुलाच्या मनातही हेच असते. फरक फक्त ऐपतीचा.

आणि एप्रिलमध्ये लातूरला पाण्याची रेल्वे आली. मिरजेहून निघालेली पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पोचली. त्याआधी मार्चमध्येच पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दीमुळे तंटे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा हुकूम लागू करावा लागला होता. त्या दिवसांत लातूरच्या बायका घागरी रांगेत लावून रात्रभर जागत. पाणी कमी पडले त्यात पावसाचा हिस्सा होता. पण उसाला किती, शहराला किती आणि गावांना किती, हे ठरवणाऱ्या माणसांचाही होता. मर्यादित आवृत्तीच्या घड्याळासाठी यादीत थांबणारा माणूस आणि पाण्यासाठी रांगेत थांबणारी बाई, दोघेही थांबतातच. पण पहिल्याला थांबण्यातून प्रतिष्ठा मिळते, दुसरीचा दिवसाचा रोजगार बुडतो.

मोजणारा कोण, मोजला जाणारा कोण?

क्रोनोग्राफची आणखी एक बाजू जाहिरातींत कधी दिसत नाही. कळ दाबून वेळ मोजण्याचे हे यंत्र शर्यतीच्या मैदानावरून फार लवकर कारखान्यात शिरले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत फ्रेडरिक टेलरने कामगाराच्या प्रत्येक हालचालीचा सेकंद मोजण्याचे शास्त्रच उभे केले. थांबवता येणारे घड्याळ तपासनिसाच्या हातात होते. ज्याची हालचाल मोजली जात होती त्याच्या हातात नव्हते. मुंबईच्या कामगारांनी हे फार पूर्वी ओळखले होते. १९०६ च्या जानेवारीत नवी प्रमाण वेळ लागू झाली, तेव्हा काही गिरण्यांतल्या कामगारांनी तिला विरोध केला. घड्याळ ३९ मिनिटे पुढे नेल्याने आपल्याला अंधारातच कामावर यावे लागेल, एवढे त्यांना स्पष्ट दिसत होते. काट्याची दिशा ठरवणे ही सत्ता आहे.

लातुरात आज याचे एक लहान रूप दर वर्षी दिसते. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेसाठी राज्यभरातून मुले या शहरात येऊन राहतात. आई-बाप सोयाबीनचे पैसे, कधी जमिनीचा तुकडा त्यासाठी घालतात. २०२५ च्या परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न होते, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. दोन-दोन वर्षे मुलांचा सराव घड्याळ लावूनच चालतो. आणि परीक्षेच्या दिवशी नियमानुसार मनगटी घड्याळ केंद्राच्या बाहेर ठेवावे लागते. वेळ भिंतीवरच्या घड्याळात पाहायची. ज्या मुलाचा मिनिट मिनिट मोजला जातो, त्याच्या हातात मोजण्याचे साधन नसते. वैद्यकीय जागा थोड्या आहेत म्हणून एवढी शर्यत लागते. त्या जागाही एक प्रकारे मर्यादित आवृत्तीच आहेत, आणि मराठवाड्याच्या गावोगावी डॉक्टर कमी असताना त्यांची मर्यादा वाढवणे हे घड्याळांची संख्या वाढवण्याहून पुष्कळ गरजेचे आहे.

कार्यकर्त्याने काय करावे?

पहिली गोष्ट, तरुणांना उपदेश करू नये. चांगल्या वस्तूची ओढ हा गुन्हा नाही. त्या ओढीत कारागिरीविषयीचे कुतूहल असेल तर ते वाढवावे. नांदेड-लातूरच्या बाजारात जुनी घड्याळे उघडून दुरुस्त करणारे जे मोजके हात अजून आहेत, त्यांच्या पाटापाशी मुलाला बसवावे. त्या ओढीत ‘मी इतरांहून वरचा’ हे सिद्ध करण्याची धडपड असेल, तर ती धडपड कोणत्या अपमानातून आली हे विचारावे. जो समाज माणसाला त्याच्या कामावरून मान देत नाही, तेथे माणूस मनगटावरून मान मागतो.

दुसरी गोष्ट, मागण्या नेमक्या असाव्यात. ‘चैनीवर बंदी घाला’ ही सोपी घोषणा आहे. पूर्वीच्या कडक बंदीने तस्करांचे साम्राज्य उभे केले, हा अनुभव जमेस धरावा. २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या घड्याळाच्या विक्रीवर विक्रेत्याने एक टक्का कर गोळा करून भरावा असा नियम आला आहे. परंतु ही रक्कम खरेदीदाराच्या प्राप्तिकरात वळती होते. म्हणजे तो नवा कर नव्हे, नुसती नोंद आहे. नोंद झाली हे चांगले. पुढचे पाऊल संपत्तीवरील न्याय्य कराचे आहे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हमीभाव जाहीर करून सरकारने थांबू नये. खरेदी केंद्रे वेळेवर उघडून शेवटच्या पोत्यापर्यंत खरेदी झाली पाहिजे. गोदाम आणि तारण कर्ज ही शेतकऱ्याला थांबण्याचे बळ देणारी साधने आहेत. घड्याळाची कंपनी ज्या बळावर भाव टिकवते, त्याचा शतांश तरी उत्पादकाच्या वाट्याला यावा, एवढीच ही मागणी आहे.

तिसरी गोष्ट स्वतःची. लोक कार्यकर्त्याचे भाषण ऐकतात, पण त्याआधी त्याचे मनगट पाहतात. गांधीजी वेळेचे अत्यंत काटेकोर होते. त्यांच्या कमरेला लटकणारे एक घड्याळ झेनिथ कंपनीचेच होते, ज्या कंपनीची हत्यारे पुढे एका कामगाराने माळ्यावर लपवली त्याच कंपनीचे. २००९ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांचा चष्मा, चपला, ताट-वाटी यांच्यासह ते घड्याळ १८ लाख डॉलरांना गेले आणि एका मद्यसम्राटाने ते घेतले. त्याच वर्षी एका परदेशी कंपनीने गांधीजींच्या नावाने सोन्याची लेखणी काढली, दांडीयात्रेच्या मैलांइतके म्हणजे २४१ नग, आणि प्रत्येकाची किंमत अकरा लाखांच्या वर. पुढे प्रकरण न्यायालयात गेले आणि कंपनीला भारतातली ही विक्री थांबवावी लागली. अपरिग्रहाचाही क्रमांक घातलेला नग होऊ शकतो, इतकी या बाजाराची पचनशक्ती दांडगी आहे.

‘जनता’ घड्याळाचे तेच झाले. कारखाना बंद होणार ही बातमी पसरताच संग्राहकांनी जुनी एचएमटी घड्याळे शोधायला सुरुवात केली आणि त्यांचे भाव चढत गेले. जे घड्याळ कोणालाही मिळावे म्हणून बनवले होते, ते आता मिळत नाही म्हणून मौल्यवान ठरले. मराठवाड्यातल्या पुष्कळ घरांत निवृत्त शिक्षकांच्या, कंडक्टरांच्या कपाटात ते अजून पडून असेल. कोणी विकत मागायला आले तर विकायचे की नाही हे त्या घराने ठरवावे. पण एकदा चावी देऊन पाहावे. बहुतेक ते चालू होईल. दिवसाला मिनिटभर मागे पडेल, आणि पाठीवर कोणताही आवृत्ती-क्रमांक सापडणार नाही. ते बनवताना किती बनवायची याची मर्यादा कोणी घातली नव्हती. पाणी, शाळा, दवाखाने आणि पिकाचा रास्त भाव यांच्या बाबतीतही ती घालू द्यायची नाही, एवढे काम कार्यकर्त्यांपुढे आहे.